बाबांचा रांजण

तेहरान, मजिदिये
२ सप्टेंबर १९९१

प्रिय अझनिवताई,

फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातला. तू "हॅलो" म्हणतेस आणि तुझ्यामागची गिऱ्हाइकं कान टवकारतात. शिवाय विषय असा की तो कागदावरच बरा.

बाबांचं पोट आता डॉक्टरांच्याही हाताबाहेर गेलं आहे. ऑपरेशन करायचं नाही असं ठरलं. डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "बाई, आता पथ्यबिथ्य सोडा. मागतील ते द्या." घरी येऊन मी बाबांना विचारलं, काय खावंसं वाटतं? मला वाटलं खिमा म्हणतील, नाहीतर तुझ्या हातचा जर्दाळूचा मुरंबा. तर म्हणाले, "जवाचं पाणी. घरी केलेलं. एक ग्लास."

आमचा नवरोबा वारूझ म्हणतो, आपल्या आर्मेनियन भाषेत बियरला जवाचं पाणी म्हणतात ते एक बरं आहे, इथं दारूबंदी, पत्र कुणी फोडलंच तर आजाऱ्याची पेज वाटेल; आणि मी मेली खरं नाव लिहून बसले. त्यानं जव आणले, कडवटपणाची फुलं कुठून तरी उत्तरेकडून पैदा केली. जव मोड आणायला गच्चीत पसरलेत. बाबा खुर्चीतून हुकूम सोडतात आणि मी धावते. "शाके, पाणी शिंपड. शाके, उलथव. अगं, हलवा ढवळतेस का तू?"

आता अडलंय ते भांड्यावर. माझ्याकडे निळा प्लास्टिकचा ड्रम आहे, त्यात मी लसणाचं लोणचं घालते. काचेचा मोठा बुधला आहे, वेताच्या जाळीतला, त्यात लिंबाचा रस असायचा. आणि तुझ्या तळघरात बाबांचा मेण दिलेला रांजण आहे. यातलं काय घेऊ? मला यातलं ओ की ठो कळत नाही. बाबा मला कधी जवळ फिरकू देत नसत, तू मात्र त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचीस. मला एवढंच आठवतं की आई द्राक्षांच्या आंबट शिरक्याची बरणी घेऊन अंगणातून जायला लागली तरी बाबा ओरडायचे, "लांबून, लांबून! माझा रांजण आहे इथं!"

लवकर कळव. फार दिवस आहेत असं वाटत नाही.

तुझी,
शाके

*

जुल्फा, इस्फहान
९ सप्टेंबर १९९१

शाके जान,

पत्र दोनदा वाचलं. गुर्गेननं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शाके भांड्याबद्दल विचारतेय. तो म्हणाला, मग रडतेस कशाला?

बुधला घे. अजिबात दुसरा विचार करू नकोस. काच कशाचाही वास धरत नाही. सोडा घातलेल्या कढत पाण्यानं धू, पण गार काचेत एकदम कढत ओतू नकोस, तडकेल. आधी कोमट, मग गरम. मग उन्हात उपडा ठेव. भरल्यावर त्याला वारूझचा जुना कोट गुंडाळ, कारण काचेतून उजेड जातो आणि उजेडानं चव बिघडते. आणि तोंडाला बूच ठोकून बसवू नकोस. आत वारा धरतो, बुधला फुटला तर घरभर काचा होतील. स्वच्छ फडकं दुहेरी करून दोरा बांध, एवढं पुरे. ड्रमचं नावही काढू नकोस. प्लास्टिकला आतून ओरखडे असतात, त्यात लसूण बसलेला असतो, तो काही केल्या जात नाही. बाबांना ग्लासभर लोणचं पाजशील.

रांजणाचं म्हणशील तर तो जड आहे. बसच्या टपावर घातला तर अर्ध्या वाटेत, कोमला पोचेपर्यंत खापऱ्या होतील. शिवाय मला वाटतं त्याच्या गळ्याला बारीक चीर गेली आहे. कोण बघतंय आता त्याच्याकडे? तळघरात पडून असतो.

मी स्वतःच आले असते, पण शाळा आता उघडायची आहे, आणि शिवणाच्या वर्गाला माझ्याखेरीज दुसरी बाई नाही. बाबांना सांग, अझनिव बरी आहे. जास्त काही सांगू नकोस.

तुझी ताई,
अझनिव

*

तेहरान
१६ सप्टेंबर १९९१

अझनिवताई,

तुझं पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. चार महिन्यांत पहिल्यांदा खदखदून हसले. म्हणाले, "बघ, शब्द न शब्द माझा! कोट गुंडाळायचं सुद्धा विसरली नाही. अशी पोरगी पाहिजे." मी समोर हातात चाळणी घेऊन उभी होते, पण असो.

मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे तिचं. पण मला रांजणातलं पाहिजे. बुधल्यातलं काय, दुकानातल्यासारखंच." मी चीर गेल्याचं सांगितलं. म्हणाले, "चीर गेली तर मेण आहे. तिला म्हणावं, घेऊन ये."

ताई, स्पष्टच लिहिते, रागावू नकोस. रांजण मी ठेवून घेईन अशी भीती वाटते का तुला? नाही ठेवणार. आईच्या चांदीच्या चमच्यांसाठी भांडले नाही, मातीच्या रांजणासाठी भांडू? काम झालं की तुझा तुला परत. आणि बाबा माझ्याकडे राहायला आले यात माझा काय दोष? आई गेल्यावर त्यांनीच ठरवलं. सहा वर्षं झाली, तू एकदाही उंबरा चढली नाहीस. दर वेळी शाळा, दर वेळी शिवणाचा वर्ग. तेहरान काही चंद्रावर नाही. तू नाही आलीस तर नाही, निदान रांजण तरी पाठव. त्या माणसानं आजवर दुसरं काही मागितलं नाही.

जव वाळलेत. बाबा दाणा दाताखाली धरून बघतात, दात दोनच उरलेत तरी.

शाके

*

जुल्फा
२२ सप्टेंबर १९९१

शाके जान,

रांजण पाठवला आहे. असगर आगाच्या बसनं, गोधडीत बांधून, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायला लावला आहे. बुधवारी सकाळी वारूझनं स्टँडवर जावं.

चीर नव्हती, माझाच भास होता. कढत पाण्यानं पुन्हापुन्हा धुतला, राखेनं घासला, चुन्याचं पाणी भरून ठेवलं, उन्हात वाळवला, नवं मेण दिलं. बरेच दिवस बंद होता म्हणून थोडा कुबट वास येईल, तिकडे लक्ष देऊ नकोस. आला की लगेच भर, उघडा ठेवू नकोस. बाबांना लांबून दाखव, पण आत डोकावायला देऊ नकोस. वाकले तर चक्कर यायची.

बरोबर जर्दाळूचा मुरंबा आणि गाता, आपला गोड पाव, पाठवला आहे.

अझनिव

*

तेहरान
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय ताई,

तुला कळवायला उशीर झाला, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. जवाचं पाणी फारच छान झालं! काय रंग, काय फेस! बाबा ग्लासभर प्याले. मिशीला फेस लागला होता, तो पुसूही दिला नाही. वारूझ म्हणाला, तुझ्या बाबांनी कारखाना काढायला हवा होता. बाबा खूश आहेत, तुझी आठवण काढतात. काही काळजी करू नकोस.

रांजण लवकरच पाठवते.

एक विचारायचं होतं. पावाचं खमीर शिळं असलं तर त्यानं काही आंबट होतं का? किंवा हात नीट धुतले नसले तर? पावाबद्दलच विचारतेय. माझे पाव हल्ली बिघडतात.

तुझी,
शाके

*

जुल्फा
२६ ऑक्टोबर १९९१

शाके,

तू खोटं बोललीस, आणि ते ओळखू शकणारी या जगात मी एकटीच आहे.

त्या रांजणात जवाचं पाणी होणं शक्य नाही. काय रंग, काय फेस लिहिलंस. माझ्या पोरी, त्यात शिरकाच झाला असणार. पहिले काही दिवस बरा फेस आला असेल, तू बाबांना ऐकवला असशील तो बुडबुड्यांचा आवाज, आणि मग एके दिवशी फडकं सोडलंस आणि नाकात गेलं असेल. तुझं खमीर शिळं नव्हतं. तुझे हात घाण नव्हते. रांजणच मेलेला होता. मी सहा वर्षं त्यात द्राक्षांचा शिरका घालते आहे.

बाबा तुझ्याकडे यायला निघाले त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, इथंच राहा, तळघर आहे, रांजण आहे, मी आहे. ते म्हणाले, "तिकडे नातू आहे." मला मूल नाही हे मला ठाऊक होतं, त्यांनी ते सांगायची गरज नव्हती. त्याच महिन्यात द्राक्षं आली. रांजण रिकामा होता. मी मनाला समजावलं की चांगली वस्तू पडून कशाला राहू द्यायची? पण घरात तीन बरण्या रिकाम्या होत्या, शाके. शिरक्याचा एक थेंब त्या मातीत गेला की तिथं दुसरं काही होत नाही हे मला तुझ्यापेक्षा, आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. बाबांनीच शिकवलं होतं.

तरी तेव्हाचं सोड. आत्ताचं सांगते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी एक ओळ लिहायची होती. त्याऐवजी बुधल्याची महती गात बसले. दुसरं आलं तेव्हाही लिहिता आलं असतं. त्याऐवजी राखेनं घासत बसले, जणू राखेनं काही होणार होतं. मला वाटलं, होईलही कदाचित, एवढं घासल्यावर. मरणाच्या दारातल्या बापाची इच्छा मी "होईलही कदाचित"वर सोडली. असगर आगानं विचारलं होतं, "ताई, यात काय असतं?" मी म्हटलं, शिरका. परक्या माणसाला मी खरं सांगितलं आणि सख्ख्या बहिणीला कुबट वासाची थाप मारली.

आणि तू महिनाभर स्वतःचे हात हुंगत बसलीस. पावाबद्दल विचारतेय म्हणे. तुझे पाव कधी बिघडलेत गं?

बाबांना तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. बाजारातून नवा कोरा ड्रम आणून ठेवला आहे, पांढरा, ओरखडा नसलेला. ड्रमबद्दल मी जे बोलले ते जुन्या ड्रमबद्दल होतं. नव्या ड्रमसारखं भांडं नाही. तो पाठवते. जव पुन्हा भिजव, हाता-पाया पडते. रांजण फोडून टाक.

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. मी येत नाही याचं कारण आता तुला कळलं. कुठल्या तोंडानं येऊ?

अझनिव

*

तेहरान
२ नोव्हेंबर १९९१

अझनिवताई,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी तुला दोन शिव्या हासडल्या, स्वयंपाकघरात, मोठ्यानं. महिनाभर मला झोप नव्हती! मी तपेली उकळत होते, चमचे उकळत होते, पोराला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते. वाटायचं, बापानं आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि ती माझ्या हातून नासली. बाबांना मी खरं सांगितलंच नाही. ते रोज विचारायचे, "झालं का गं?" मी म्हणायची, अजून नाही बाबा, थंडी आहे, वेळ लागतो. त्यांना एक थेंब दिला नाही आणि तुला मिशीचा फेस लिहिला. तेव्हा दोघी सारख्याच. माझ्या शिव्या परत घेते, एक सोडून.

मग मी तुझं ऐकलं नाही. पत्र बाबांना वाचून दाखवलं. सगळं, नातवाच्या ओळीसकट. ते डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, कागद घे, मी सांगतो तसं लिही, आपल्या पदरचं घालू नकोस. तर हे त्यांचं:

"अझनिव, माझं पोट गेलंय, नाक शाबूत आहे. वारूझ रांजण घेऊन जिना चढत होता, गोधडीची गाठही सुटली नव्हती, तेव्हाच मला कळलं. चांगला शिरका आहे. काळ्या द्राक्षांचा ना? माझ्या आईचा असा व्हायचा.

शाकेला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तिनं बुधला काढला असता, माझं जवाचं पाणी झालं असतं, मी पिऊन मोकळा झालो असतो आणि तू तिथंच बसली असतीस. मी 'घेऊन ये' म्हटलं होतं. 'पाठव' म्हटलं नव्हतं. या पोरीनं काय लिहिलं देवाला ठाऊक. मला वाटलं, नासलं की तिला राहवणार नाही, येईल तणतणत. म्हणून पोरीचे चांगले जव नासू दिले. ती रात्रंदिवस तपेली उकळते हे मला दिसत होतं, तरी गप्प बसलो. हे पाप माझ्या नावावर लिही, तुझ्या नाही.

आणि नातवाचं. मी तसं म्हणालो होतो. मला आठवतं. तुझा चेहराही आठवतो. सहा वर्षं मला वाटत होतं की तू विसरली असशील. मी येऊन माफी मागितली असती, पण आता मला जिनासुद्धा उतरवत नाही.

ड्रम पाठवू नकोस. घेऊन ये."

एवढं सांगून खरंच झोपले. ताई, ये. शिवणाच्या वर्गातल्या पोरींची बटणं महिनाभर तुटकी राहिली तरी चालतील.

शाके

*

तेहरान
१५ डिसेंबर १९९१

प्रिय ताई,

अंत्यविधीला एवढी माणसं होती की तुझ्याशी दोन शब्द धड बोलता आले नाहीत. तू आल्यापासून गुर्गेनदाजींच्या खांद्यावर डोकं ठेवून होतीस. म्हणून लिहिते.

तुझी रजा संपली आणि तू रविवारी गेलीस, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ते बरे दिसत होते, कुणाला काय ठाऊक? उलट तू होतीस ते दिवस त्यांचे सगळ्यात चांगले गेले. तुम्ही दोघं ड्रमपाशी खुर्च्या टाकून बसायचात, तू ढवळायचीस आणि ते एकदाही ओरडले नाहीत. पोरगा विचारत होता, आजोबा मावशीला घाबरतात का?

तुला हे सांगायचं राहिलं. ड्रमातलं जवाचं पाणी तयार झालं होतं. तू गेल्यावर, बुधवारी. स्वच्छ, कडवट, अगदी बाबांच्या हातचं. ते ग्लासभर प्याले. मिशीला फेस लागला होता, तो पुसूही दिला नाही. म्हणाले, अझनिवला कळव. शुक्रवारी पहाटे गेले.

रांजण असगर आगाबरोबर पाठवते आहे. फोडला नाही. आत पहिल्या खेपेचं जे नासलं होतं ते तसंच आहे, तोंड बांधून. काकडीवर छान लागतं.

तुझी,
शाके

*

जुल्फा
२३ डिसेंबर १९९१

शाके जान,

रांजण पोचला. असगर आगानं विचारलं, "ताई, परत शिरकाच?" मी म्हटलं, हो, या खेपेला जवाचा. तळघरात जाग्यावर ठेवला. वर आले, मग पुन्हा खाली गेले आणि फडकं सोडून वाटीभर काढून घेतलं.

मी ड्रम घेऊन आले त्या दिवशीचं तू पाहिलं नाहीस, तू खाली मटण आणायला गेली होतीस. बाबांनी मला सांगितलं, "ते तुझं आण." मी म्हटलं, कुठलं? म्हणाले, "रांजणातलं." मी म्हटलं, बाबा, पोटाला आग होईल. म्हणाले, "आण म्हणतो ना." दोन घोट घेतले. तोंड असं वेडंवाकडं केलं की मला हसू फुटलं आणि रडूही. म्हणाले, "बघ, प्यालो. आता मिटलं." त्यांच्याकडून मिटलं असेल. रात्री पडल्यावर मला तेच दोन घोट आठवतात. ती माझ्या हातची शेवटची गोष्ट त्यांच्या पोटात गेली, असं मी धरून चालले होते.

मग तुझं पत्र आलं. स्वच्छ, कडवट, ग्लासभर. मिशीला फेस.

शाके, हेच तू ऑक्टोबरात लिहिलं होतंस. शब्दसुद्धा तेच आहेत, मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. अंत्यविधीला मी आले होते, दोन दिवस घरात होते, तू मला चहा दिलास, माझे केस विंचरलेस, पण हे तोंडावर सांगितलं नाहीस. त्याआधीच्या रविवारी मी निघाले तेव्हा ड्रमातलं अजून गढूळ होतं आणि खोलीत थंडी होती. बुधवारपर्यंत होईल असं मला वाटलं नव्हतं. पण हिटर तू जवळ सरकवला असशील. होतं कधी कधी लवकर.

मागच्या खेपेला तुझं खोटं मी पकडलं, कारण भांडं खराब आहे हे मला ठाऊक होतं. या खेपेला भांडं नवं होतं. मी स्वतः धुतलं होतं, आतून हात फिरवून पाहिलं होतं, कुठं एक ओरखडा नव्हता. तेव्हा आता तुला पकडायला माझ्याकडे काहीच नाही. आणि मी विचारणारही नाही.

ते प्याले. ग्लासभर.

सहा जानेवारीला, आपल्या नाताळाला, पोराला घेऊन ये. जर्दाळूचा मुरंबा केला आहे.

तुझी ताई,
अझनिव